वाकतं ते, लवतं ते

९ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते फोडायच्या आधी थोडा थांबला असशील. चार वर्षांनी बहिणीचं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असंच माणसाच्या मनात येतं. कोणी गेलेलं नाही. आई बरी आहे. बाबांचा कारखाना चालू आहे. मीही आहे.

अक्षर वाकडं आलंय त्याला कारण आहे. माझा उजवा खांदा धरलाय. ऑक्टोबरात एक दिवस वरच्या फळीवरून स्प्रिंगांचा डबा काढायला गेले, तर हात खांद्याच्या वर जाईचना. मी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केलं. मग केस विंचरता येईनात. मग शर्टाच्या बाहीत हात घालायला आई लागायला लागली. चोपन्नाव्या वर्षी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने बाहीत हात घालून द्यायचा, आणि मी तोंड पाडून उभं राहायचं, अशी आमची सकाळ सुरू होते.

डॉक्टरांनी मला एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पोरगी तिशीचीसुद्धा नसेल, पण बोलणं असं की समोरच्याने गपगुमान ऐकावं. पहिल्याच दिवशी मी दात-ओठ खाऊन हात वर रेटला तर म्हणाली, "काकू, तुम्ही खांद्याशी भांडताय."

"मग काय करू, समजूत घालू त्याची?"

"हो. दुखायला लागतं तिथपर्यंत जायचं, तिथे थांबायचं, श्वास घ्यायचा आणि परत यायचं. उद्या तिथून केसभर पुढे."

मी म्हटलं, या हिशोबाने मी साठीला केस विंचरेन. ती हसली नाही. तिच्याकडे एक मुलगी येते, पोहणारी. तिचा हात कुठेही जातो, पाठीमागून दुसऱ्या कानालाही लागतो. मला वाटलं ही इथे मला लाजवायला ठेवलीय. तर तीही पेशंटच निघाली. सांधा इतका सैल की झोपेत खांदा निखळतो. "हात किती लांब जातो ते आम्ही फार बघत नाही," फिजिओ म्हणाली, "नीट परत येतो का, आणि येताना ताकद राहते का, ते बघतो."

धाकट्या, हे ऐकून मला बाबा आठवले. आणि बाबांच्या पाठोपाठ तू.

कारखान्यात नवीन माणूस घेताना बाबा त्याच्या हातात दोन तारा द्यायचे, एक शिशाची आणि एक पोलादाची. विचारायचे, यातली लवचिक कोणती? बहुतेक जण शिशाची उचलायचे, कारण ती बोटाने वाकते. मग बाबा दोन्ही वाकवून सोडून द्यायचे. पोलाद टणकन सरळ व्हायचं आणि शिसं तसंच वेडंवाकडं पडून राहायचं. "हे वाकतं. ते लवतं," एवढंच म्हणायचे. मी अकरा वर्षांची असताना बरोबर उत्तर दिलं होतं. तू सात वर्षांचा, शिशाच्या तारेचा ससा करून बाबांच्या टेबलावर उभा केला होतास. बाबा केवढे हसले होते. माझ्या बरोबर उत्तराला हसले नव्हते.

चार वर्षांपूर्वी तुझ्या घरी, तुझ्या बायकोसमोर, मी तुला शिसं म्हणाले. जो येईल तो तुला वाकवतो, असं म्हणाले. त्यावर तू म्हणालास, "आणि तू बिडाची आहेस, ताई, ओतीव लोखंडाची. बीड लवत नाही. थेट तुटतं." इंजिनिअर झालास तरी कारखान्याची भाषा विसरला नव्हतास.

खांद्याला दिवसातून वीस मिनिटं शेक द्यायचा असतो. तेवढा वेळ काहीच करता येत नाही, म्हणून हे पत्र. बाकी काही विशेष नाही.

ताई


२२ जानेवारी

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, असं लिहिणार होते, पण पोस्टमन दिसला की मी खिडकीशी जाते. तेव्हा ते राहू दे.

आज कारखान्याचं सांगते. मिस्त्री आठवतात ना? भट्टीवरचे. तू त्यांच्या खांद्यावर बसून सगळीकडे फिरायचास. ते महिन्यापूर्वी माझ्या केबिनमध्ये आले. ते कधी आत येत नाहीत, दारातूनच बोलतात. आत आले आणि म्हणाले, "ताई, दोन-तीन महिने मला दहाला येऊ द्या. संध्याकाळी उशिरापर्यंत थांबेन."

त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सकाळी तिला उठवून चालवायचं असतं, आंघोळ असते, आणि घरात तिसरं माणूस नाही.

आपला नियम तुला माहीत आहे. आठला भोंगा, आठ दहाला फाटक बंद. बाबांचा नियम आहे आणि मी तो त्यांच्यापेक्षा कडक पाळते. मी म्हटलं, "मिस्त्री, एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं."

"मग द्या की सगळ्यांना," ते म्हणाले. रागाने नाही, साधंच. मी ऑर्डरचे कागद पुढे ओढले. ते म्हणाले, "बरं." बाहेर जाऊन त्यांनी चामड्याचा एप्रन खुंटीला लावला, हात धुतले आणि चव्वेचाळीस वर्षांची नोकरी सोडून घरी गेले. मी केबिनच्या काचेतून सगळं बघत होते. हाक मारायला तोंडही उघडलं होतं.

आता पुढचं ऐक. कागद कापायच्या यंत्रांना लागणाऱ्या चारशे स्प्रिंगांची ऑर्डर होती. भट्टी मी चालवली. काटा बघून, तक्ता बघून, घड्याळ लावून, एका सेकंदाची चूक नाही. माल गेला. आठ दिवसांत अकरा स्प्रिंगा मोडल्या. एक मोडली ती एका कामगाराच्या गालाला चाटून गेली. डोळा दोन बोटांनी वाचला. त्या लोकांचा फोन आला. सगळा माल परत मागवला.

दुसऱ्या दिवशी एक मोडकी स्प्रिंग घेऊन मी मिस्त्रींच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दाराशी चाकांचा वॉकर. ते बायकोच्या पायाला पट्टा बांधत होते. ती मला बघून म्हणाली, "या. यांना घेऊन जाणार असाल तर माझी हरकत नाही. दिवसभर माझ्या गुडघ्याचं टेम्परेचर बघत बसतात."

मिस्त्रींनी स्प्रिंग हातात घेतली, तुटलेला भाग उजेडात धरला आणि म्हणाले, "कडक राहिली."

"काट्याप्रमाणे केलं."

"काटा वीस डिग्री खोटं बोलतो, ताई. मी रंग बघतो. वाळल्या गवताचा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळा. जांभळ्यावरून निळ्यावर आलं की काढायचं. तुम्ही जांभळ्यावर काढलीत."

काटा खोटं बोलतो हे मला कधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत. आणि मी होतोच की."

मग त्यांनी मला भट्टी समजावली. बाबांच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या मला. म्हणाले, पोलाद लाल करून तेलात विझवलं की ते कडक होतं. ते कोणीही करू शकतं. पण तेवढ्यावर सोडलं तर ते काचेसारखं असतं. मग त्याला पुन्हा मंद आचेवर धरायचं आणि आलेला कडकपणा थोडा परत घ्यायचा. "किती परत घ्यायचा, तेच खरं काम. जास्त घेतला तर स्प्रिंग दबून बसते. कमी घेतला तर मोडते."

मी त्यांना म्हटलं, दहाला या. ते म्हणाले, "आणि बाकीचे?"

बाकीच्यांनाही विचारलं. एकूण चौदा जण. मला वाटलं होतं फाटकाची जत्रा होईल. फक्त तिघांनी वेळ बदलून मागितली आणि तिघांचीही कारणं अशी होती की ती मला आधीच माहीत असायला हवी होती.

तू कॉलेजात असताना मला एकदा नव्या पुलावर चालत घेऊन गेला होतास. पायाखाली लोखंडी पट्टीत दोन बोटांची फट होती. मी म्हटलं, काय हे काम, फट ठेवलीय. तू म्हणालास, पूल उन्हात वाढतो, थंडीत आखडतो. त्याला ही जागा दिली नाही तर तो स्वतःचाच कणा मोडून घेईल. मी तेव्हा म्हणाले होते, आमच्याकडे असला माल कोणी घेणार नाही. तू मोठ्याने हसला होतास आणि मला राग आला होता. तुझं तेव्हा बरोबर होतं, एवढंच सांगायला हे पान घेतलं.

ताई


६ फेब्रुवारी

धाकट्या,

पहिल्या पत्रात 'आई बरी आहे' असं लिहिलं होतं. ते अर्धं खरं आहे. तब्येतीने ती बरी आहे. पण ती माझ्याकडून जाते आहे. मरणाचं म्हणत नाही मी. सामान बांधून जाते आहे.

नीट सांगते. कारखान्याच्या वर आमचं राहतं घर, त्यातल्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं शिलाई मशीन आहे, हे तुला माहीत आहे. मोडक्या मालाच्या गोंधळानंतर मला खोकी ठेवायला जागा हवी होती. मी म्हटलं, "आई, मशीन मागच्या खोलीत नेऊ या." मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. तिला मी विचारायची सवय सोडून बरीच वर्षं झाली. ती कशालाही "चालेल" म्हणते, त्यामुळे विचारण्यात वेळ जातो असं मला वाटायचं.

ती टीप घालत होती. पाय न थांबवता म्हणाली, "मशीन हलणार नाही."

मला वाटलं नीट ऐकू आलं नसेल. मी पुन्हा सांगितलं. तिने पाय थांबवला. "मशीन हलणार नाही. आणि हललं तर माझ्याबरोबर हलेल. कपडे दुरुस्तीच्या दुकानामागे एक खोली आहे. दुकानवाली माझी मैत्रीण आहे. ती म्हणते ये, उसवायचं-शिवायचं काम पण आहे."

"या वयात?" मी म्हटलं.

"या वयातच," ती म्हणाली.

धाकट्या, आपण दोघांनी तिचं काय केलं ते बघ. बाबा गेल्यावर आपण अर्ध्या तासात ठरवून टाकलं की सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. आपण दोघं खुर्चीवर बसलो होतो आणि ती दारात उभी होती. तू म्हणालास, "आईचं काय, ती कुठेही जुळवून घेते." मी मान डोलावली. त्या दिवशी एका गोष्टीवर आपलं एकमत होतं आणि ती हीच. त्यानंतर सात वर्षं तिच्या पलंगाखाली भरलेली बॅग होती. तुझ्याकडे ती तुझ्या मुलीच्या खोलीत झोपायची, माझ्याकडे मशीनच्या खोलीत. तुझ्याकडे साखर कमी, माझ्याकडे मीठ कमी. आपण तिचं कौतुक करायचो. आमची आई किती लवचिक आहे, असं मी लोकांना सांगितलंय.

त्या दुपारी ती मला म्हणाली, "इकडे ये." तिच्या हातात कोणाचा तरी शाळेचा शर्ट होता, बगलेत घट्ट झालेला. तिने शिवण उलटी करून दाखवली. आत दोन बोटं कापड दुमडलेलं असतं ना, त्याला शिवणकामात माया म्हणतात. आपल्या लहानपणी आपले कपडे ती मोठी माया ठेवून शिवायची आणि दर वर्षी थोडी उसवायची.

"हे बघ," ती म्हणाली, "या शर्टाची तिसऱ्यांदा उसवतेय. इथे जुनी भोकं, इथे त्याच्या आधीची. आता पुढे काठ आहे. पुढच्या वर्षी ही बाई पुन्हा आणेल आणि म्हणेल, थोडं सोडा. मी कुठून सोडू?"

मी त्या भोकांवरून बोट फिरवलं.

"माझ्यात आता माया उरलेली नाही," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तशी नव्हे गं. कापडातली म्हणतेय."

स्प्रिंग पहिल्या दिवशी मोडत नाही. ती लाखो वेळा दबते आणि लाखो वेळा वर येते, बाहेरून नवीकोरी दिसते. आत कुठेतरी केसाएवढी चीर गेलेली असते. मग एक दिवस रोजच्याच वजनाखाली ती तुटते आणि लोक म्हणतात, आज काय झालं हिला. बाबा म्हणायचे, पोलाद थकतं. माझा धंदाच आहे हा. घरात मात्र मी कधी बघितलं नाही.

मशीनवरून उठताना ती आणखी एक वाक्य बोलली, ते आज लिहिता येत नाही. शेकाची पिशवी गार झाली.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

आज एका बैठकीत लिहिते. शेक वगैरे काही नाही. टेबलाशी बसले आहे. दुपारचे चार वाजलेत.

आईचं ते वाक्य असं होतं: "धाकट्याने मला टाकलं, तेही मी जुळवून घेतलं."

तुझ्याकडे असताना ती बाथरूममध्ये घसरली आणि मनगट मोडलं. तो दिवस तू माझ्यापेक्षा चांगला जाणतोस. मी बस पकडून आले, तुझ्या घरात उभं राहून तुला नाही नाही ते बोलले आणि तिला घेऊन आले. इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं तुला माहीत नाही, आणि परवापर्यंत आईलाही माहीत नव्हतं.

आईकडे स्वतःचा फोन नाही. फोन खाली माझ्या केबिनमध्ये असतो. तू दुसऱ्या दिवसापासून फोन करायला लागलास. मी तुला म्हणायचे, "तिला तुझ्याशी बोलायचं नाही." ती असं कधी म्हणाली नव्हती. पहिल्या आठवड्यात ती मला रोज विचारायची, त्याचा फोन आला का गं? मी म्हणायचे, नाही. दोनदा म्हणाली, तूच लावून दे. मी नंबर फिरवल्यासारखं केलं आणि म्हटलं, लागत नाही. मग तिने विचारणं सोडलं.

दोन महिन्यांनी तू स्वतः आलास. फाटकात उभा होतास. मी म्हटलं, ती भेटायला तयार नाही. वरून मशीनचा आवाज येत होता. तू मान वर करून ऐकत राहिलास. मग म्हणालास, "शिवतेय म्हणजे हात बरा झाला." आणि गेलास. ते वाक्य मी चार वर्षं कानात वागवते आहे. तू जिना चढून सरळ वर जाऊ शकला असतास. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास. मी तुला शिसं म्हणाले होते ना, तर त्या दिवशी तू तिच्या मनाविरुद्ध एक पाऊल टाकलं नाहीस, तिचं मन म्हणजे माझं खोटं असतानाही.

तुझी तीन पत्रं आली. ती मी फोडली नाहीत आणि फाडलीही नाहीत. मायक्रोमीटरच्या खणात ठेवली. का ठेवली ते मला सांगता येत नाही.

आणि हे सगळं का केलं, तेही विचारशील. सुरुवातीला राग होता. राग महिनाभर पुरला असेल. नंतरचं खरं कारण असं की मला तिचे तुझ्याकडचे सहा महिने सोसायचे नाहीत. ती तुझ्याकडे गेली की वरच्या घरात मी एकटी. भोंगा वाजतो, माणसं घरी जातात, आणि मी जिना चढून वर येते तर आवाजच नसतो. मला आई अर्धी नको होती. हे मी कोणालाही सांगितलं असतं तर कोणीतरी काहीतरी मार्ग काढला असता, कदाचित तूच. पण माझ्याने ते बोलवलं नाही. त्याऐवजी मी खोटं बोलले, आणि ते एकदा बोलल्यावर रोज बोलावं लागलं.

परवा रविवारी सकाळी मी आईला सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती. मी उभी राहूनच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. तीन पाकिटं तिच्यासमोर ठेवली.

तिने विचारलं, "किती वेळा फोन केला होता त्याने?"

"मोजले नाहीत. पहिले दीड-दोन महिने रोज."

"रोज," आई म्हणाली.

ती पाकिटं घेऊन मागच्या खोलीत गेली आणि दार लावलं. दोन तासांनी बाहेर आली. डोळे पुसलेले होते. मला वाटलं ओरडेल, आणि ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती माझ्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "पोरगा विसरला, असं मी स्वतःला समजावलं. फार कठीण गेलं. रोज थोडं थोडं करून अंगवळणी पाडलं. आणि ते झालंच नव्हतं. न झालेल्या गोष्टीशी तू मला जुळवून घ्यायला लावलंस."



मी म्हटलं, "आई, चूक झाली."

ती म्हणाली, "झाली नाही. तू केलीस." मग उठून माझ्या ताटात वाढलं. वाढलं, पण माझ्यासोबत जेवली नाही.

हे पत्र तिने वाचलेलं नाही. तिने एवढंच सांगितलं की तू त्याला तुझ्या हाताने लिही. मी लिहिलं. क्षमा मागत नाही, कारण मागितली की तुला द्यायची की नाही ते ठरवावं लागेल, आणि तुझ्यावर आणखी एक काम मी टाकणार नाही. तू दिलेलं नाव, बीड, बरोबर होतं, एवढं मान्य करते.

पत्राच्या मागे दुकानवाल्या मैत्रिणीचा फोन नंबर लिहिला आहे. दुपारी दोन ते पाच आई आता तिथे कामाला असते. तो फोन माझ्या हाताखालून जात नाही.

ताई


११ मार्च

धाकट्या,

तुझं कार्ड गेल्या सोमवारी आलं. पोस्टमनने माझ्याच हातात दिलं.

आधी आईचं सांगते. तुम्ही रोज बोलता ते मला माहीत आहे, दुकानवाली सांगते. म्हणते, पहिल्या दिवशी ती दुकान आवरून आली तरी आई नुसता रिसीव्हर कानाला धरून बसलेली. काय बोललात ते मी आईला विचारत नाही. तीही सांगत नाही.

तिची खोली मी बघून आले. तिने बोलावलं नव्हतं, मी विचारलं, "येऊ का?" ती थोडा विचार करून म्हणाली, "पाचनंतर ये." मला माझ्या आईने वेळ दिली. मी पाच वाजून दहा मिनिटांनी गेले, उगाच आधी पोचले असं वाटायला नको. खोली लहान आहे, उजेड चांगला आहे. मशीन मिस्त्रींनी आणि मी टेम्पोत घालून नेलं. मी एका हाताने धरलं होतं, तर मिस्त्री म्हणाले, "ताई, तुम्ही नुसतं बरोबर चाला."

तिने कोपऱ्यात एक खुर्ची ठेवली आहे. एकच. मी तिच्यावर बसले.  तिने एका कोटाचं अस्तर उसवलं, मी दोरे गोळा केले. निघताना मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात येऊ?" ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात मी नाही. धाकट्याकडे जाते आहे."

हे तुला माहीतच आहे, पण माझ्याकडून रीतसर कळवते. गुरुवारी सकाळी साडेसातच्या बसने ती निघेल. दुपारी दोनपर्यंत पोचेल. ती राहायला येत नाही, भेटायला येते आहे. किती दिवस ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. बॅग छोटी आहे, तिने स्वतः भरली. रक्तदाबाच्या गोळ्या बाहेरच्या कप्प्यात आहेत. मनगट थंडीत दुखतं, पण ती सांगत नाही. आता कदाचित सांगेल, हल्ली ती बऱ्याच गोष्टी सांगते. काल दुकानात एका गिऱ्हाइकाला म्हणाली, "हे आज होणार नाही, आणि उद्याही होणार नाही." गिऱ्हाईक म्हणालं, बरं परवा. काही आकाश कोसळलं नाही.

माझं विचारलंस म्हणून सांगते. म्हणजे तू विचारलं नाहीस, पण कार्डावर 'खांदा?' असा एक शब्द लिहिला आहेस. फिजिओने भिंतीवर पेन्सिलीच्या खुणा केल्यात. बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चालवायची. दोन महिन्यांत एक वीत वर गेले. ती म्हणते उरलेलं यायला वर्ष लागेल, आणि काही बोटं कदाचित कायमची कमी राहतील. मी म्हटलं, चालेल. मग जरा थांबून म्हटलं, चालेल असं नाही, पण मी येत राहीन. तिला ते जास्त आवडलं.

संध्याकाळी भोंगा वाजतो, चौदापैकी दहा जण जातात, बाकीचे सातपर्यंत असतात. मिस्त्री शेवटी निघतात. मग मी वर येते. पुढची खोली मोकळी आहे. मी तिथे खोकी ठेवलेली नाहीत. ठेवेन कदाचित. अजून ठरवलेलं नाही. आवाज नसतो आणि तो मला ऐकू येतो. पहिल्या आठवड्यात मी रेडिओ लावून ठेवायचे. आता नाही लावत.

तुझं कार्ड समोर आहे. तीन ओळी आहेत. पहिलीत आईला खिडकीची जागा मिळव असं लिहिलं आहेस. ती मिळवली, तिकीट काढायला मी स्वतः गेले. दुसरीत 'खांदा?' एवढंच. तिसरीत लिहिलं आहेस, "तुला ये म्हणत नाही अजून."

पहिल्या वाचण्यात मला त्यातलं 'नाही' दिसलं. दिवसभर तेच घेऊन कारखान्यात फिरले. संध्याकाळी जिना चढताना पुन्हा काढून वाचलं, तेव्हा शेवटचा शब्द दिसला. तुला वाक्य 'नाही'वर संपवता आलं असतं. सगळी माणसं तसंच संपवतात. तू पुढे जागा काढून तो शब्द लिहिलास, पेन थोडं जोरात दाबून, कारण कार्डाच्या मागे त्याचा वळ उमटला आहे.

मी घाई करणार नाही.

गुरुवारी दोन वाजता स्टँडवर थांब. ती आता जरा सावकाश उतरते.

ताई